कोकणातल्या घरासाठी प्रोजेक्टर: दिवा कोणता, चिप कोणती

प्रोजेक्टर घ्यायला निघालेला माणूस बहुतेकदा आधी विचारतो, "४के आहे का?" कोकण किनाऱ्यावर या प्रश्नाच्या आधी तीन प्रश्न येतात. वीज दिवसातून किती वेळा जाते? खोलीला समुद्राकडची खिडकी आहे का? आणि जून ते सप्टेंबर घर उघडं असतं की कुलूपबंद? या तिन्हींची उत्तरं मिळाली की कोणता दिवा घ्यायचा ते ठरतं, दिव्यामागून चिप, म्हणजे यंत्रातला चित्र तयार करणारा भाग, ठरते, आणि रेझोल्यूशनचा विचार शेवटी होतो. पुण्यातल्या बंद एसी खोलीसाठी हा क्रम वेगळा असेल. गुहागर, मालवण, वेंगुर्ल्याला तो असाच ठेवावा लागतो, कारण इथे यंत्र बिघडतं ते मुख्यतः हवेने आणि विजेने.

आधी खोली मोजा

पडद्याचा आकार ठरवा आणि त्याचं क्षेत्रफळ काढा. १६:९ प्रमाणातला १०० इंची पडदा २२१ सेंटिमीटर रुंद आणि १२५ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे साधारण ३० चौरस फूट. १२० इंची पडदा ४३ चौरस फुटांच्या आसपास जातो. पूर्ण अंधाऱ्या खोलीत दर चौरस फुटाला १६ ल्युमेन (उजेडाचं माप) पुरतात. पडवीतून किंवा स्वयंपाकघरातून थोडा उजेड येत असेल तर ३० धरा. दिवे लावूनच बघायचं असेल तर ५०. हे आकडे साध्या पांढऱ्या, गेन (पडदा उजेड समोर किती परतवतो त्याचं माप) १.० असलेल्या पडद्यासाठी आहेत.

म्हणजे १०० इंची पडद्याला अंधारात ४८० ल्युमेन लागतात आणि उजेडात १५००. पण खोक्यावरचा आकडा पडद्यावर पोचत नाही. तो सगळ्यात उजळ मोडवर मोजलेला असतो आणि त्या मोडमध्ये चित्र हिरवट दिसतं. सिनेमा मोडवर आलात की साधारण ६५ टक्के उरतात. पुढे दिवा जुना होतो तशी आणखी घट होते. पाऱ्याचा बल्ब अर्ध्या उजेडावर येईपर्यंत वापरायचा ठरवलं तर उजेडातल्या खोलीसाठी १५०० गुणिले २ भागिले ०.६५, म्हणजे ४६०० ल्युमेनचं यंत्र लागेल. लेझरमध्ये रोज दोन तास धरले तर दहा वर्षांत ७३०० तास होतात. त्यात पाचवा हिस्सा उजेड गेला असं धरलं तरी १५०० भागिले ०.८ भागिले ०.६५, म्हणजे २९०० ल्युमेन पुरतात. त्यामुळे ४५०० ल्युमेनचा बल्ब आणि ३००० ल्युमेनचा लेझर हे काही वर्षांच्या वापरात जवळजवळ सारखेच ठरतात. नुसते खोक्यावरचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका.

ल्युमेनच्या आधी 'अ‍ॅन्सी' किंवा 'आयएसओ' (उजेड मोजायच्या प्रमाणित पद्धती) लिहिलेलं नसेल तर तो आकडा सोडून द्या. ऑनलाइन विक्रीत 'दहा हजार ल्युमेन' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त यंत्रांत एकच एलसीडी काच आणि मागे एक एलईडी असतो. त्यांचा खरा उजेड काही शे ल्युमेनांचाच निघतो. तिथे लिहिलेलं '४के सपोर्ट' म्हणजे ४के फाइल चालते एवढंच. 'नेटिव्ह', म्हणजे चिपचं स्वतःचं, रेझोल्यूशन किती ते विचारा.

दिवा: निवडीचा गाभा इथे आहे

बल्ब म्हणजे अतिउच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा. फिलिप्सने तो १९९५ च्या सुमारास बाजारात आणला आणि पुढची वीसेक वर्षं घरगुती प्रोजेक्टर त्यावरच चालले. क्वार्ट्झच्या लहानशा कुपीत साधारण एक मिलिमीटरच्या फटीत ठिणगी जळत असते, आत सुमारे २०० वातावरणांचा दाब असतो आणि कुपीचं तापमान हजार अंशांच्या आसपास जातं. उजेड भरपूर, यंत्र स्वस्त, रंग नैसर्गिक. खोक्यावर ४००० तास लिहिलेले असतात, पण त्या तासांनंतर बल्ब बंद पडतो असं नाही, उजेड निम्म्यावर येतो. त्यातली बरीच घट पहिल्या काही शे तासांतच होते.

आता वीज गेली की काय होतं ते पाहा. पंखा थांबतो. तापलेल्या कुपीची उष्णता बाहेर जायला वाट राहत नाही आणि ती शेजारच्या काचांत, पोलरायझरांत (प्रकाश गाळणाऱ्या पातळ पट्ट्या) आणि कलर व्हीलमध्ये (रंगीत काचांची फिरती चकती) शिरते. पाच मिनिटांत वीज परत आली तरी बल्ब लागत नाही, कारण गरम कुपीतला दाब इतका असतो की ठिणगी पडत नाही. यंत्र पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं आणि प्रत्येक प्रयत्नात इलेक्ट्रोडची टोकं झिजतात. मृग लागल्यावर संध्याकाळी चार-चार वेळा वीज जाणाऱ्या गावात असा बल्ब लिहिलेले तास पुरे करत नाही.

लेझर आणि एलईडी इथेच पुढे जातात. विक्रेते २०,००० तासांच्या आयुष्यावर जोर देतात, पण रोजच्या दोन तासांच्या हिशेबाने ती सत्तावीस वर्षं होतात. तेवढ्या काळात किनाऱ्यावर यंत्राचा बोर्ड किंवा पंखा आधी जाईल. लेझरसाठी जादा पैसे मोजायचे ते वेगळ्या कारणासाठी: वीज गेली आणि आली तरी तो लगेच पुन्हा लागतो आणि त्याचं काही बिघडत नाही. कोकणात हा गुण एकट्यानेच जादा किंमत वसूल करतो.

घरगुती लेझरचे दोन प्रकार लक्षात ठेवा. एकात निळा लेझर फॉस्फरच्या चकतीवर पडतो, त्यातून पिवळा प्रकाश निघतो आणि त्याचे लाल-हिरवे भाग वेगळे केले जातात. उजेड चांगला, पण सर्वांत उजळ मोडवर लाल रंग थोडा मळकट होतो. दुसऱ्यात लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे लेझर असतात. रंग फार भरदार, पण काही पडद्यांवर बारीक चमचमती रवाळी दिसते. चकाकी असलेल्या, जास्त गेनच्या पडद्यावर ती वाढते. म्हणून तीन लेझरचं यंत्र आपण घेणार त्याच पडद्यावर पाहावं. लाल लेझर डायोड उष्णतेला सगळ्यांत नाजूक असतो. बहुतेक पुस्तिकांत चालवण्याची मर्यादा ३५ किंवा ४० अंश दिलेली असते. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी ती सहज ओलांडली जाते. कौलारू घरातही माळ्याजवळची हवा खालच्यापेक्षा बरीच गरम असते.

एलईडीचं आयुष्य लेझरसारखंच, आवाज कमी आणि विजेची भूकही कमी. उणीव उजेडाची. बहुतेक घरगुती एलईडी यंत्रं हजार अ‍ॅन्सी ल्युमेनच्या आगेमागे असतात. ८० ते १०० इंची पडदा आणि नीट अंधार करता येणारं माजघर असेल तर पुरतात. दिवसा ओटीवर क्रिकेटचा सामना दाखवायचा असेल तर पुरत नाहीत.

चिप: हवा कुठून जाते ते बघा

डीएलपी चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये ती बनवली. आरसा एका बाजूला कलला की प्रकाश पडद्यावर जातो, दुसऱ्या बाजूला कलला की आतच शोषला जातो. घरगुती यंत्रात एकच चिप असल्यामुळे लाल, हिरवा, निळा हे रंग पाठोपाठ दाखवले जातात. आज बऱ्याच ४के डीएलपी यंत्रांत ०.४७ इंची चिप असते. तिच्यावर १९२० गुणिले १०८० आरसे असतात आणि प्रत्येक चित्र चार जागी किंचित सरकवून ८३ लाख ठिपके भरले जातात. चित्र धारदार येतं, पण काळा रंग करडा दिसतो.

थ्री-एलसीडीत प्रकाशाचे तीन रंग वेगळे होऊन तीन काचांमधून आरपार जातात आणि प्रिझममध्ये एकत्र येतात. एप्सनची बहुतेक यंत्रं या प्रकारची. तिन्ही रंग एकाच वेळी पडतात, म्हणून पांढऱ्या आणि रंगीत चित्राचा उजेड सारखा राहतो. उजेडातल्या खोलीत हे चित्र डीएलपीपेक्षा भरलेलं वाटतं.

एलकॉसमध्ये काच आणि आरसा एकत्र असतात. जेव्हीसी त्याला डी-आयएलए म्हणते, सोनी एसएक्सआरडी. काळा रंग यातच सर्वांत खोल मिळतो आणि किंमतही सगळ्यांत जास्त.

आता किनाऱ्यावर निर्णायक ठरणारा मुद्दा. डीएलपी चिप प्रकाश परतवते, त्यामुळे तिची उष्णता पाठीमागून काढता येते आणि समोरचा भाग हवाबंद ठेवता येतो. थ्री-एलसीडीत प्रकाश काचेतून आरपार जातो, मागे काही लावायला जागा नसते, म्हणून घरगुती यंत्रांत पंख्याची हवा थेट काचांच्या अंगावरून न्यावी लागते. ती हवा आपल्या खोलीतली. एप्रिल-मेमध्ये तीत जांभ्याची तांबडी धूळ, दुपारी खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ, संध्याकाळी फोडणीची वाफ. फिल्टर धूळ अडवतो, पण बारीक मीठ आणि तेल पूर्ण अडत नाही. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की ते पाणी ओढून विरघळायला लागतं. किनाऱ्यावर ही पातळी पावसाळ्यात दिवसरात्र आणि इतर महिन्यांतही बऱ्याच रात्री गाठली जाते. त्या ओल्या थराने बोर्डावरचे सांधे आणि एचडीएमआयचे खिळे गंजतात.

एलकॉसची काचही पाठीमागून थंड करता येते, पण तीन काचा आणि त्यांचे पोलरायझर यांच्या मधल्या जागेत धूळ बसू शकते, आणि ती साफ करणारा कारागीर जवळपास मिळणं कठीण.

म्हणून समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या घरासाठी आमची पसंती स्पष्ट आहे: हवाबंद ऑप्टिकल भाग असलेलं, लेझर किंवा एलईडीचं डीएलपी. 'हवाबंद' हा शब्द माहितीपत्रकात छापलेला दिसला पाहिजे. काही कंपन्या आयपी५एक्स किंवा आयपी६एक्स असं मानांकन देतात. त्यातला आकडा धुळीचा आणि 'एक्स' म्हणजे पाण्याची चाचणी केलेली नाही. दमटपणापासून ते मानांकन वाचवत नाही. बल्बच्या डीएलपीत कलर व्हील बहुधा उघडंच असतं. त्यावर धूळ बसून उजेड उतरतो.

कुडाळ, सावंतवाडी, चिपळूणसारख्या आतल्या भागात, उजेडाची मोठी खोली असेल आणि दर महिन्याला फिल्टर साफ करणारं माणूस घरात असेल तर लेझर थ्री-एलसीडी जरूर घ्या. एलकॉस फक्त कायम बंद असलेल्या, एसी किंवा डीह्युमिडिफायरच्या खोलीसाठी.

दुकानात करायच्या चाचण्या

घरातल्या सगळ्यांना घेऊन जा. डीएलपीवर काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं लावा आणि नजर झटकन डावी-उजवीकडे फिरवा. काहींना अक्षरांच्या कडेला लाल-हिरव्या-निळ्या रेघा चमकून दिसतात. हे माणसागणिक बदलतं. घरात एकालाही त्रास होत असेल तर त्याचं डोकं दुखेल आणि यंत्र पडून राहील. दहा मिनिटं तरी बसू द्या. एलईडी आणि लेझरच्या यंत्रांत हा त्रास साधारण कमी असतो, पण एकाच चिपच्या यंत्रात तो पूर्ण जात नाही.

थ्री-एलसीडीवर पांढऱ्या बारीक रेघांची जाळी लावा. चारही कोपऱ्यांत रेघेच्या कडेला लाल किंवा निळी किनार दिसते का पाहा. अर्ध्या ठिपक्याएवढी किनार चालते, एका ठिपक्याहून जास्त असेल तर दुसरं यंत्र मागा.

कोणत्याही यंत्रावर दिवे बंद करून पूर्ण काळं चित्र दोन मिनिटं पाहा. मऊ कडांचा हिरवा, निळा किंवा लाल डाग दिसला तर फोकस फिरवा. डाग धारदार होऊ लागला तर आत काचेवर धूळ आहे. जुनं यंत्र घेताना ही चाचणी आणि मेनूतले दिव्याचे तास दोन्ही बघा. तासांचा आकडा बल्ब न बदलताही शून्य करता येतो, म्हणून एकट्या आकड्यावर विसंबू नका.

बसवणं

माहितीपत्रकात 'थ्रो' हा आकडा असतो, म्हणजे लेन्सचं पडद्यापासूनचं अंतर रुंदीच्या किती पट ते. थ्रो गुणिले पडद्याची रुंदी एवढ्या अंतरावर लेन्स हवी. थ्रो १.२ असेल तर १०० इंचासाठी २.६५ मीटर, १.५ असेल तर ३.३ मीटर. त्यात यंत्राची लांबी आणि मागे ३० सेंटिमीटर मोकळी जागा मिळवा. बारा फुटी खोलीत १.५ थ्रोचं यंत्र मग बसत नाही. हे यंत्र घेण्याआधी कळलं पाहिजे.

जांभ्याच्या चिऱ्यात साधी प्लास्टिकची गट्टी धरत नाही. दगड सच्छिद्र असतो, भोक भुगा होऊन मोठं होतं आणि काही महिन्यांत ब्रॅकेट झुकतं. केमिकल अँकर वापरा, किंवा भिंतीतच फळी घट्ट बसवून तिच्यावर ब्रॅकेट लावा. तुळईला लावायचं असेल तर आरपार बोल्ट टाका. पण माळ्यावर कोणी चाललं की तुळई हलते आणि पडद्यावर चित्र थरथरतं. अशा घरात मागच्या भिंतीवर फळी करणं बरं. तुळई फार उंच असेल तर चित्र वाकडं पडतं आणि कीस्टोनने (चित्र सरळ करणारी मेनूतली सोय) सरळ करताना ठिपके वाया जातात. पाइप घालून यंत्र खाली आणा किंवा लेन्स शिफ्ट (लेन्स सरकवून चित्र वर-खाली नेण्याची सोय) असलेलं यंत्र घ्या. बहुतेक थ्री-एलसीडी आणि एलकॉस यंत्रांत ती सोय असते, स्वस्त डीएलपीत क्वचित.

पडद्यासाठी पश्चिमेची भिंत टाळा. तिला पावसाचा मारा बसतो, आतून ओल येते आणि कापडी पडद्याच्या पाठीवर काळी बुरशी धरते. ओल्या कापडाने पुसता येणारा पीव्हीसीचा पडदा इथे टिकतो. यंत्राच्या वर कौलांची सांध येणार नाही असं पाहा. वापरात नसलेल्या पोर्टना रबरी टोप्या लावा, मुंग्या आणि पाली तिथूनच आत शिरतात. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं उजेडावर तुटून पडतात. त्या दोन-चार संध्याकाळी खिडक्या लावून घ्या. हवा आत जाण्याच्या जाळीवर कापड मात्र बांधू नका, यंत्र तापेल.

वीज

बल्बचं यंत्र सर्व मिळून साधारण ३०० ते ३५० वॅट घेतं. त्याला १००० व्हीएचा यूपीएस लावा. वीज गेल्यावर सिनेमा पुढे चालवायचा नाही, लगेच रिमोटने यंत्र बंद करायचं आणि पंखा थांबेपर्यंत यूपीएस चालू ठेवायचा. एक-दोन मिनिटांचंच काम आहे. लेझर-एलईडीला घरचा इन्व्हर्टर चालतो, पण साइन वेव्हचा. स्क्वेअर वेव्हवर यंत्राचा पॉवर सप्लाय तापतो आणि स्पीकरमध्ये घुरघुर येते. इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड' असेल तर तो लावा, म्हणजे बदल होताना यंत्र रीस्टार्ट होत नाही. व्होल्टेज कायम कमी असणाऱ्या वाडीत मात्र या मोडमध्ये इन्व्हर्टर सारखा बॅटरीवर जातो. तिथे साधा मोड आणि यंत्राला वेगळा लहान यूपीएस ही जोडी बरी.

कमी व्होल्टेजने प्रोजेक्टर सहसा जळत नाही, आतला सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो. जळतो तो न्यूट्रल तुटल्यावर, कारण तेव्हा एखाद्या घरात व्होल्टेज तीनशेच्याही वर जाऊ शकतं. जादा व्होल्टेजला तोडणारं उपकरण घराच्या स्विचबोर्डावर बसवा. सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगशिवाय पुरतं संरक्षण देत नाही, आणि सड्यावरच्या कातळात अर्थिंग चांगलं लागत नाही. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्या आणि मार्चपासून खड्ड्याला पाणी घालत राहा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की पिन काढा, सोबत एचडीएमआय आणि छत्रीची केबलही. वीज केबलमधूनही येते.

पावसाळा आणि बिघाड

पावसाळ्यात यंत्र दोन-तीन दिवसांआड अर्धा तास चालवा. आतल्या उबेने ओल सुकते. बहुतेक यंत्रांची मर्यादा ८० टक्के आर्द्रतेची असते आणि जुलैत खोलीतली हवा तिच्या वरच असते. एसी लावत असाल तर फार थंड करू नका. गार पडलेल्या लेन्सवर दार उघडताच दहिवर धरतं. तसं झालं तर पुसू नका, तासभर थांबा आणि मग यंत्र लावा. फिल्टर असेल तर महिन्यातून एकदा काढून मऊ ब्रशने झटका, तेलकट झाला असेल तर बदला.

लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर आर्द्रता राहिली की ती वाढते आणि लेन्सवरचा लेप खाते, म्हणून उशीर करू नका. बाहेरच्या काचेवरची लेन्स क्लीनरने निघते, आतली असेल तर यंत्र दुरुस्तीला जाईल. डीएलपीवर एकेक पांढरे ठिपके कायमचे दिसू लागले तर आरसे अडकले आहेत. चिप बदलणं हाच उपाय, आणि बरेचदा ती किंमत परवडत नाही. थ्री-एलसीडीत चित्र पिवळं पडत गेलं, विशेषतः मधोमध, तर निळ्या बाजूचा पोलरायझर किंवा काच उष्णतेने गेली आहे. तुंबलेला फिल्टर हे त्याचं नेहमीचं कारण.

बल्ब फुटला तर सगळ्यांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, अर्धा तास खोलीत जाऊ नका. व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, पारा हवेत उडतो. तुकडे हातमोजे घालून जाड पिशवीत भरा. नवा बल्ब बसवताना काचेला बोट लागू देऊ नका, बोटाचं तेल तापून तिथेच काच तडकते.

चाकरमान्यांच्या कुलूपबंद घरात, शिमगा, मे आणि गणपती सोडले तर, यंत्राची सर्वांत जास्त हानी होते. शक्य असेल तर ते मुंबईला सोबत न्या. नाहीतर शेवटी अर्धा तास चालवा, पूर्ण गार होऊ द्या आणि रबरी कडेच्या झाकणाच्या ५० लिटरच्या डब्यात ठेवा. आत पाव किलो सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापक. काटा ५० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. रिमोटमधले सेल काढून ठेवा. गणपतीला आल्यावर आधी काटा वाचा. ६५ च्या वर असेल तर जेल बदलून डबा आणखी एक दिवस बंद ठेवा, मग यंत्र काढा. नारिंगी जेल हिरवं झालं असेल तर ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा नारिंगी होतं, आणि परत जाताना तेच डब्यात घालता येतं.